हुरड्याचं तिकीट

पुण्याची थंडी मोजण्याचं काम सरकारनं सिमला ऑफिसकडे सोपवलेलं आहे. ज्या गावात थंडी मोजणाऱ्या कचेरीचं नावच सिमला, त्या गावच्या लोकांनी थंडीबद्दल थोडा गर्व बाळगला तर बिघडलं कुठं? हवामानखात्याचं हे बिऱ्हाड 1928 साली सिमल्याहून पुण्याला आलं. येताना त्यांनी नाव तेवढं आठवणीनं आणलं आणि थंडी तिकडंच विसरली, असं आमच्या वरच्या मजल्यावरच्या आप्पांचं मत आहे. आप्पा स्वतः मात्र दसरा उलटला की कानटोपी चढवतात ती होळीला उतरवतात. मधल्या पाच महिन्यांत त्यांना काहीही विचारलं, तरी उत्तर एकच येतं : "काय म्हणालात?"

अस्सल थंडी पुण्यानं पाहिली ती 17 जानेवारी 1935 रोजी. पारा 1.7 अंशांवर उतरला होता. त्याच साली डेक्कनवर कॅफे गुडलक सुरू झालं. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध असल्याचा पुरावा नाही. पण डिसेंबरातल्या सकाळी तिथं बन-मस्का चहात बुडवताना मला तो आहे असं ठामपणे वाटतं, आणि दुसरा चहा मागवल्यावर तर पुराव्याचीही गरज वाटत नाही.

मुद्दा असा की, थंडीत माणसाला भूक लागते, आणि पुणेकराला भुकेबरोबर मतंही लागतात. आमच्याकडे गाण्यावर लिहिणारे समीक्षक आहेत, नाटकावर आहेत, न वाचलेल्या पुस्तकांवर तर विपुल आहेत. पण थंडीतल्या खाण्यापिण्याची रीतसर समीक्षा कोणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ती उणीव भरून काढण्याचा विचार मी घरात बोलून दाखवला.

"करा की," सौ. म्हणाली. "फक्त पानातलं संपवून करा."

समीक्षा म्हटली की निकष हवा. मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी निकष सापडला. पदार्थ समोर आला की एकच प्रश्न विचारायचा : याला थंडी लागते का? बस्स. ज्याला थंडी लागते तो थंडीचा. बाकीचे नुसते स्वेटर घालून आलेले.

सुरुवात चहापासून केली. पुण्याचा चहा म्हणजे अमृततुल्य. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी मंडळींनी गेल्या शतकात गल्लोगल्ली ही दुकानं थाटली. पितळेचं पातेलं, आलं-वेलची कुटण्याचा ठेक्यातला आवाज, आणि फडक्यातून उंचावरून पडणारी धार. ऐकायला आणि पाहायला दोन्ही सुख. पण निकष लावला आणि पंचाईत झाली. हा चहा पुणेकर वैशाखातल्या दुपारीही तितक्याच निष्ठेनं पितो. म्हणजे चहाला थंडी लागत नाही. चहाला निमित्तच लागत नाही.

मग चिरंजीव म्हणाले, "बाबा, तुम्ही तंदूर चहा घ्या. तो थंडीचाच." हा प्रकार काही वर्षांपूर्वी पुण्यातच निघाला. भट्टीत लाल होईपर्यंत तापवलेलं मातीचं भांडं चिमट्यात धरतात, त्यात चहा ओततात, तो फसफसून उतू जातो, धूर निघतो आणि भोवतालची मंडळी फोटो काढतात. फोटो होईपर्यंत चहा निवतो. चव वाईट नाही, जळक्या मातीचा एक खमंग वास येतो. पण अर्धा चहा तबकात सांडतो आणि पैसे पूर्ण चहाचे घेतात. ज्या शहरात एका चहाचे दोन कप करून घेण्याची परंपरा, त्या शहरात हे खपावं याचं मला फार नवल वाटलं.

मस्तानीकडे मी केवळ कर्तव्यबुद्धीनं गेलो. आटवलेलं गार दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा. जानेवारीतल्या रात्री दहा वाजता मफलर गुंडाळून, रांगेत कुडकुडत माणसं ती खात होती. निष्कर्ष : मस्तानीला थंडी लागत नाही, खाणाऱ्याला लागते.

निकषाला पहिल्यांदा उतरली ती नीरा. शिंदीच्या झाडाला संध्याकाळी मडकं बांधायचं, त्याला आतून चुना फासायचा म्हणजे रस आंबत नाही. रात्रभर रस ठिबकतो आणि पहाटे उतरवतात. एकदा ऊन चढलं की नीरेचं मन चळू लागतं आणि बघता बघता ती वाईट मार्गाला लागते. सज्जन राहायला तिला गारवा लागतो. लहानपणी वडील आम्हांला भल्या पहाटे नीरा प्यायला नेत. ते शाळामास्तर. त्यामुळे पेला तोंडाला लावण्यापूर्वी ते आजूबाजूला विद्यार्थ्यांचे पालक नाहीत ना, हे बघून घेत, आणि कुणी दिसलाच तर आम्हांला मोठ्यानं सांगत, "नीरा ही आरोग्यदायक असते बरं का." त्या आरोग्यदायक पेल्यानंतर दात वाजत घरी यायचं आणि पांघरुणात शिरायचं. ती चव मला अजून बाराही महिने आठवते, पण मिळते ती थंडीतच.

सवाई गंधर्व महोत्सवाचा उल्लेख केल्याशिवाय पुण्यातली कोणतीही थंडी पूर्ण होत नाही. भीमसेन जोशींनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ तो सुरू केला, आणि तेव्हापासून पुण्यात रियाज दोनच गोष्टींचा होतो : गळ्याचा आणि खाण्याच्या स्टॉलपुढल्या रांगेचा. महोत्सव रात्रभर चालायचा त्या काळात पहाटे तीनच्या चहाला जी चव होती, ती मी पुन्हा कुठं चाखली नाही. ब्लँकेट पांघरलेले दोन गृहस्थ रांगेत भांडायचे. पहिला म्हणायचा, निषाद जरा उतरला होता. दुसरा म्हणायचा, तुमचा कान उतरलाय. बटाटेवडा हातात पडला की दोघंही गप्प. आता ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे रात्री दहाच्या सुमाराला भैरवी उरकते. गाणं तेवढंच मोठं आहे, पण पहाटेच्या चहाला जी थंडी लागत होती ती वेळापत्रकातून गेली.

घरच्या आघाडीवर मात्र परिस्थिती भक्कम आहे. आमच्याकडे खंडोबा कुलदैवत. त्यामुळे आषाढात बंद झालेलं वांगं चंपाषष्ठीला पुन्हा घरात येतं, तेही थाटात. नैवेद्याला भरीत आणि बाजरीचे रोडगे. पाच महिन्यांच्या विरहानंतर भेटणाऱ्या वांग्याकडे माणूस कसा बघतो, हे ज्यांनी वर्षभर वांगी खाल्ली त्यांना समजणार नाही. पुढं डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, भोगीची मिसळीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा. यांची समीक्षा मी करणार नाही. कारण समीक्षकाला त्याच घरात राहायचं आहे.

राहता राहिला हुरडा. आणि खरं सांगायचं तर ही सगळी समीक्षा मी हुरड्यासाठीच काढली होती. कारण हुरड्यावर माझं मत आधीच तयार होतं, तेही तिखट. समीक्षेला याहून चांगली तयारी कोणती?

थंडीचा राजा हुरडाच. दसऱ्याच्या आगेमागे पेरलेल्या ज्वारीचं कणीस पौषाच्या सुमाराला भरू लागतं. दाण्यात आधी नुसतं दूध असतं. ते घट्ट होत जातं आणि दाणा कडक व्हायच्या आत मधले थोडे दिवस मिळतात. तेवढाच हुरडा. आज कोवळा, आणखी आठ दिवसांनी जून. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवायची, निखाऱ्यांत कणसं खुपसायची, आणि चटके सोसत हातावर चोळायची. गरम हिरवे दाणे, लसणाची चटणी, गूळ, मडक्यातलं दही, वर ताक. जोडीला बोरं, ऊस आणि तिथंच भाजलेला हरभऱ्याचा हावळा. बोटं काळी, ओठ काळे, डोळ्यांत धूर, आणि तृप्ती अशी की माणूस तासभर कुणाबद्दल वाईट बोलत नाही. पुणेकरसुद्धा.

हा हुरडा आम्ही लहानपणी दरवर्षी खाल्ला. वडिलांचे एक शाळासोबती होते, त्यांना आम्ही तात्या म्हणत असू. सोलापूर रस्त्याला, एस.टी.नं दीड-दोन तासांवर त्यांची शेती. जानेवारीत त्यांचं पोस्टकार्ड यायचं. मजकूर दरवर्षी तोच : हुरडा आला आहे. मुलांना घेऊन येणे. की आम्ही पाच माणसं, शिवाय चुलत भावंडं, शिवाय एखादा शेजारी, असा लवाजमा घेऊन तिथं धडकायचो. तात्या आगटीपाशी बसून कणसं चोळत राहायचे आणि आमच्या पानांत ओतत राहायचे. निघताना पिशव्या भरून हरभरा, ऊस, बोरं. वडील बदल्यात पावशेर बाकरवडी न्यायचे आणि म्हणायचे, "या की एकदा पुण्याला."

मी कॉलेजात असताना तात्या खरंच एकदा आले. दवाखान्याचं काही काम होतं. वेळ दुपारी दीडची. पुण्यातल्या दुपारच्या एक ते चारबद्दल बाहेरगावचे लोक विनोद करतात, त्यात मीही सामील होतो, पण त्या दिवशी आमचं घर त्या विनोदासारखंच वागलं. जेवणं उरकली होती, भांडी घासायला पडली होती, आई नुकतीच आडवी झाली होती. तिनं उठून चहा केला, बशीत चिवडा दिला. "जेवण व्हायचं असेल ना?" असं तिनं विचारलं, पण ज्या सुरात विचारलं त्याचं उत्तर एकच होतं. तात्या म्हणाले, "नाही नाही, जेवूनच आलोय." सकाळच्या पहिल्या एस.टी.नं निघालेला माणूस कुठं जेवून येणार? ते दहा मिनिटं बसले आणि गेले. ते गेल्यावर खुर्चीच्या मागं एक पिशवी दिसली. आत पायलीभर ज्वारी होती.

"ते जेवून आलो म्हणाले ना," आई म्हणाली. वडील काही बोलले नाहीत. त्या वर्षीही जानेवारीत कार्ड आलं आणि आम्ही हुरड्याला गेलो. वडील गेले, मग कार्ड यायचं थांबलं. मीही कधी लिहिलं नाही.

तर यंदा चिरंजिवांनी आम्हां उभयतांना हुरडा पार्टीला नेलं. सोलापूर रस्त्यालाच. तिकीट माणशी नऊशे रुपये. मी आनंदानं गेलो. हुरड्यासाठी नव्हे, समीक्षेसाठी. दारातच मनगटाला कागदी पट्टा बांधला. आत बैलगाडीची फेरी, उंटाची फेरी आणि जानेवारीत पावसातलं नृत्य. शेतात उंट कशाला, असं मी विचारल्यावर "पोरांना आवडतो" असं उत्तर मिळालं. ध्वनिक्षेपकावर कर्कश गाणी. एका फलकावर ज्वारी म्हणजे 'मिलेट' असं लिहून तिचे आठ गुण दिले होते. संयुक्त राष्ट्रसंघानं 2023 हे भरडधान्यांचं वर्ष जाहीर केल्यापासून आमच्या भाकरीला हा मान आला आहे. पूर्वी ती गहू परवडत नाही म्हणून खायचे, आता परवडते म्हणून खातात. मी मनातल्या मनात टिपणं काढत होतो. वाक्यं फार छान सुचत होती.

आगटीपाशी एक तिशीतला मुलगा कणसं चोळत बसला होता. शेत त्याचंच. हुरडा मात्र, प्रामाणिकपणे सांगतो, उत्तम होता. दाणा गोड आणि टपोरा. "फुले उत्तरा," तो म्हणाला. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं खास हुरड्यासाठी काढलेलं वाण. याचं बोंड चटकन सुटतं, चोळायला सोपं. चव लागली तसा मी बोलता झालो.

"आमच्या वेळी हुरडा फुकट असायचा," मी म्हणालो. "बोलावणं यायचं. तिकीट नव्हतं."

त्यानं कणीस राखेतून काढलं, झटकलं.

"फुकट कुणाला, काका?"

"म्हणजे?"

"कोवळं कणीस मोडलं की त्या ताटाची ज्वारी गेली ना? तेवढं धान्य घरात कमी येणार. पंधरा पाहुणे हुरडा खाऊन गेले की आमची आजी रात्री म्हणायची, अमुक इतक्या भाकरी गेल्या. पाहुण्यांसमोर कधी बोलली नाही. आवडायचंच तिला माणसं आलेली. पण हिशेब करायची."

त्यानं दाणे माझ्या पानात ओतले, अगदी तात्यांसारखे, ओंजळ तिरकी करून.

"आता तिकिटामुळं ज्वारी परवडते," तो म्हणाला. "नाहीतर इकडं सगळ्यांनी ऊस केला. मीही केला असता. उंट बंद करता येईल काका, पण मग पोरं येत नाहीत."

मी आयुष्यात बऱ्याच समीक्षा वाचल्या आहेत, पण एवढी नेमकी क्वचित. इतकी वर्षं मी हुरडा खाल्ला, त्याच्या चवीवर बोललो, त्याच्या ऱ्हासावर बोललो. पण कोवळं कणीस म्हणजे कुणाच्या तरी घरातली भाकरी, हे साधं गणित मास्तरांच्या मुलाला कधी सुचलं नव्हतं. तात्या दरवर्षी ते मोडत होते. पायलीभर ज्वारी वर देत होते. आणि आम्ही त्यांना बशीभर चिवडा दिला होता.

माझी छान वाक्यं एकेक करून राखेत गेली. नऊशे रुपये जास्त आहेत, हे मत मी मागं घेतलं. गाण्यांबद्दलचं मत मात्र कायम आहे. आणि एक तक्रार अजून उरते. तिकीट काढलं की हिशेब तिथंच मिटतो. पट्टा कापला, मोकळे झालो. पोस्टकार्डाचा हिशेब मिटत नाही. तो पन्नास वर्षांनीही अंगावर येतो. समीक्षक म्हणून विचाराल तर चव दोन्हींची सारखीच. फरक एवढाच, की एकाची नंतर झोप लागते.

निघताना मी त्या मुलाला तात्यांच्या गावाचं नाव सांगितलं. ते तिथून दोनच कोसांवर. "त्यांचा नातू माझ्या वर्गात होता," तो म्हणाला आणि नंबर दिला.

घरी आल्यावर दोन दिवस नंबर खिशातच राहिला. तिसऱ्या दिवशी सौ. म्हणाली, "लावताय की मी लावू?" मी लावला.

"कोण बोलतंय?"

"मी पुण्याहून... मास्तरांचा मुलगा."

पलीकडं जरा वेळ शांतता. मग, "हां हां, पुण्याचे मास्तर! आजोबा सांगायचे. पण काका, हुरडा नाही हो आता आमच्यात. सगळा ऊस आहे."

"हुरडा नकोय मला. तुम्ही या. घरच्यांना घेऊन जेवायला या."

पुन्हा शांतता. "काही काम होतं का, काका?"

काम नाही हे त्याला पटवायला मला दहा मिनिटं लागली. पटलं असेल असं नाही, पण आला. रविवारी, बायको आणि दोन पोरं घेऊन. रस्त्यात गर्दी लागली, त्यामुळे यायला उशीर झाला. दारावरची घंटा वाजली तेव्हा मी सवयीनं घड्याळ पाहिलं. दुपारचा दीड. सौ.नं पानं मांडलीच होती. पोरं चपला काढायच्या आत आत आली. कानटोपी घातलेले आप्पा जिन्यात थांबून ऐकायला येत नसलेलं सगळं ऐकत होते.

जेवणात भरीत, बाजरीची भाकरी, लोणी. मी नातवाच्या पानाकडे बघत होतो. त्यानं पहिला घास घेतला, थांबला, जरा अवघडला आणि म्हणाला, "काकू, भरीत झालंय चांगलं. पण गॅसवर भाजलंय. वांगं निखाऱ्यात भाजायला पाहिजे, तो वास येत नाही यात."

माझ्या पोटात धस्स झालं. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य उच्चारण्याचं धाडस मला झालेलं नाही.

सौ. त्याच्या पानात दुसरी भाकरी वाढत म्हणाली, "बरोबर आहे तुझं. पुढच्या वेळी येताना वांगी घेऊन ये. आणि शेगडीही."

"आणतो," तो म्हणाला, आणि पानातलं संपवू लागला.